आरतीला येणारा हवा

इंदूरला मुलगी बघायला गेलं की पोहे येणारच, वर शेव आणि जीरावण. गेल्या महिन्यात दक्षिण तुकोगंजातल्या एका घरी मी मध्यस्थ म्हणून बसलो होतो. मुलगी सरळच म्हणाली, "काका, दिसण्याचं माझं फारसं काही नाही. संध्याकाळी माझ्याबरोबर नाथ मंदिरात आरतीला येणारा हवा." मुलाच्या आईचा चमचा बशीतच थांबला.

दिसण्याचं काही नाही, हे तोंडानं म्हणता येतं. डोळे ऐकत नाहीत. 2006 साली विलिस आणि तोदोरोव्ह या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाच्या दहाव्या भागापुरते दाखवले. तेवढ्यात माणूस देखणा आहे का, विश्वासू आहे का, यावर मतं तयार! जास्त वेळ दिल्यावरही ती फारशी बदलली नाहीत, उलट पक्की झाली. त्याआधी, 1966 मध्ये, मिनेसोटा विद्यापीठातल्या 752 नव्या विद्यार्थ्यांना 'संगणकानं तुमची जोडी जुळवली आहे' असं सांगून नाचाला पाठवलं. जोड्या खरं तर कशाही लावल्या होत्या. पुन्हा भेटावंसं कुणाला वाटलं, हे बुद्धीवर किंवा स्वभावाच्या चाचण्यांवर ठरलं नाही; रूपावर ठरलं.

पण ही ओळख काही तासांची, म्हणजे आपल्या पोह्यांच्या बैठकीएवढीच. 2015 मध्ये हंट, ईस्टविक आणि फिंकेल यांनी 167 जोडप्यांचं रूप तिऱ्हाइतांकडून जोखून घेतलं. भेटल्या-भेटल्या जमलेल्यांत दोघं रूपानं तोडीस तोड निघाली. आधी बरेच महिने ओळख असलेल्यांत मात्र हा मेळ कमीच. पहिल्या दिवशी कोण देखणं यावर सगळ्यांचं साधारण एकमत असतं. सहवास वाढला की ते फुटतं आणि ज्याला-त्याला आपापलं माणूस वेगळं दिसू लागतं. आमच्या आजीच्या भाषेत, डोळ्याला सवय होते. स्थळं बघणाऱ्या मंडळींनी हे मनावर घ्यावं असं मला वाटतं. अर्थात, समोरच्याला बघून मनात नकोच येत असेल, तर उपासनेच्या नावाखाली ते दाबू नये.

आता श्रद्धेकडे येऊ. बायोडेटात 'दत्तभक्त कुटुंब' लिहिलं की आपण खूश होतो. अमेरिकेत अ‍ॅनेट महोनी आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये 97 जोडपी अभ्यासली. नवरा-बायको एकाच पंथाचे आहेत का, यापेक्षा ती दोघं मिळून प्रार्थना, सणवार करतात का आणि लग्नाला पवित्र मानतात का, यावरून संसाराचा अंदाज जास्त चांगला बांधता आला. अशांच्यात भांडणंही कमी आढळली. यात मेख आहे: ज्यांचं आधीच पटतं तीच जोडपी देवळात एकत्र जात असतील. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा पाहणीतून कळत नाही.

तरी त्या मुलीनं पंथ विचारला नव्हता, सोबत मागितली होती.

मुलाच्या आई म्हणाल्या, "आमच्याकडेही दत्तजयंती असते हो." मुलगा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "शनिवारी चालेल का? बाकीच्या दिवशी मला घरी यायलाच साडेआठ होतात."