दोन्ही संघ गोल करतील का? एका प्रश्नाची पार्श्वभूमी

८ जुलै २०१४, बेलो होरिझोन्ती. विश्वचषकाचा उपांत्य सामना, जर्मनी ७, ब्राझील ०. निकाल कधीच लागल्यात जमा होता. तरी ९०व्या मिनिटाला ब्राझीलच्या ऑस्करने एक गोल केला. निकालावर त्याचा काडीइतकाही परिणाम झाला नाही, पण ‘दोन्ही संघांनी गोल केला का?’ याचं उत्तर तेवढ्यानं ‘नाही’वरून ‘हो’ झालं. कोण जिंकणार, एकूण गोल किती, या दोन्हींपासून हा प्रश्न वेगळा आहे तो इथे.

या प्रश्नाचं जुनं रूप इंग्लंडमधल्या फुटबॉल पूल्समध्ये, म्हणजे सामन्यांच्या निकालांवर पैसे लावायच्या खेळात दिसतं. लिव्हरपूलमध्ये १९२३ साली लिटलवूड्स कंपनीने आपले पूल्स सुरू केले आणि आठवड्याच्या सामन्यांच्या कूपनवर खुणा करणं ही तिथे घरोघरची गोष्ट झाली. पुढे कूपनवर निवडलेला सामना गोल होऊन बरोबरीत सुटला तर भरणाऱ्याला ३ गुण आणि गोलशून्य बरोबरीत सुटला तर २, अशी पद्धत आली. म्हणजे १-१ आणि ०-० सारखे नाहीत, हे कूपन भरणाऱ्याला आधी ओळखावं लागे.

दरम्यान खेळही बदलला. १९२५ पर्यंत ऑफसाइड न ठरण्यासाठी पुढच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये किमान तीन प्रतिस्पर्धी लागत, त्यानंतर दोन पुरेसे झाले. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत आदल्या मोसमात ४६२ सामन्यांत १,१९२ गोल झाले होते. नव्या नियमाच्या पहिल्याच मोसमात तेवढ्याच सामन्यांत १,७०३ झाले. जुन्या आकड्यांवर नवा अंदाज बांधणाऱ्याने ही उडी कायम लक्षात ठेवावी.

गणित या प्रश्नाकडे सावकाश आलं. संख्याशास्त्रज्ञ मायकेल माहर यांनी १९८२ मध्ये प्रत्येक संघाला आक्रमणाची आणि बचावाची वेगवेगळी ताकद देऊन, पॉयसाँ वितरणाने (सरासरीवरून ०, १, २ गोल होण्याची शक्यता काढणाऱ्या सूत्राने) गोलांची शक्यता मांडली. माझ्या मते खरं वळण हेच. कारण आता एकूण गोलांचा आकडा दोन संघांत वाटून पाहता येऊ लागला. समजा, सामन्यात सरासरी २.७ गोल अपेक्षित आहेत. दोन्ही संघांकडून १.३५ अपेक्षित असतील, तर दोघांनीही गोल करण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के निघते. तेच एकाकडून २.२ आणि दुसऱ्याकडून ०.५ असतील, तर ती ३५ टक्क्यांवर येते. एकूण गोल तेवढेच, उत्तर उलटं. म्हणून ‘गोलांचा पाऊस पडणारा सामना’ बघून ‘हो’ म्हणणारे फसतात. बघायचं असतं ते दुबळ्या संघाची आघाडीफळी एकदा तरी जाळं गाठेल का, एवढंच.

वरच्या हिशेबात दोन संघांचे गोल एकमेकांपासून स्वतंत्र धरले आहेत. प्रत्यक्षात तसं पुरतं नसतं. मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये नेमकी हीच गाठ सोडवायला घेतली. ०-० आणि १-१ हे निकाल साध्या हिशेबापेक्षा जास्त, तर १-० आणि ०-१ कमी येतात, म्हणून या चार निकालांपुरती त्यांनी दुरुस्ती सुचवली. शिवाय ताज्या सामन्यांना जास्त वजन दिलं. यातला १-१ हा आपल्या प्रश्नाचा सगळ्यात काठावरचा ‘हो’, त्यामुळे ही छोटी दुरुस्ती इथे थेट लागू पडते.

गेल्या दशकभरात ‘एक्सजी’, म्हणजे अपेक्षित गोल, रुळले. प्रत्येक फटका कुठून, कोणत्या कोनातून मारला यावरून त्याचा गोल होण्याची शक्यता मोजतात. चार सामने कोरडा गेलेला संघ संधीच निर्माण करत नाही की निर्माण करून दवडतो, हे त्यातून कळतं.