संधिवाताची मोबाईल-नोंद (ग्रामीण विदर्भ)

दीर्घकालीन संधिवाताच्या रुग्णाने दुखणे, सूज, सकाळचा आखडलेपणा, थकवा आणि घेतलेली औषधे रोज किंवा आठवड्याला मोबाईल अ‍ॅपवर टिपून ठेवण्याची पद्धत. दोन तपासण्यांमधल्या काळात काय घडले हे डॉक्टरांना कळावे, हा तिचा हेतू. विदर्भातल्या खेड्यांना ही सोय विशेष लागू पडते. संधिवाताचे तज्ज्ञ प्रामुख्याने नागपूरसारख्या शहरांत बसतात. गडचिरोली-यवतमाळकडचा रुग्ण तिथे पोचेस्तोवर कधी सूज ओसरलेली असते, आणि ‘कधीपासून दुखते?’ याला उत्तर मिळते, ‘लय दिस झाले जी.’

अशा अ‍ॅपमध्ये बहुधा रॅपिड-३ सारखी प्रश्नावली वापरतात. रोजची कामे, वेदना आणि एकूण प्रकृती यांना प्रत्येकी ० ते १० गुण. बेरीज १२ च्या वर गेली की आजार जोरात आहे असे धरतात. डास-२८ (डिसीज अ‍ॅक्टिव्हिटी स्कोअर) या आजाराच्या जोराच्या मोजणीत मात्र २८ सांधे हाताने चाचपावे लागतात आणि रक्ताची तपासणीही लागते. ते काम अ‍ॅपचे नाही.

खरी अडचण प्रश्नांतच आहे. रोजच्या कामांविषयीच्या या प्रश्नावल्यांचे मूळ १९८० मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या ‘हॅक’ (हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर) प्रश्नावलीत आहे. तिच्यात मोटारीचे दार उघडता येते का, असे विचारले होते. कापूस वेचणाऱ्या बाईला विचारायचे ते वेगळे: भाकर थापता येते का, उकिडवे बसून उठता येते का, बोंडातला कापूस चिमटीत धरून ओढता येतो का. ‘दुखणे दहापैकी किती?’ यावर अनेकजणी गप्प राहतात. ‘सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो?’ याचे उत्तर चटकन येते. तो वेळ तासाच्या आसपास किंवा जास्त असणे हे सूज आणणाऱ्या संधिवाताचे लक्षण, म्हणून ही नोंद दुखण्याच्या आकड्याहून उपयोगी मानावी. घरातला स्मार्टफोन पुष्कळदा मुलाच्या खिशात असतो. तो संध्याकाळी घरी येईपर्यंत सकाळचा आखडलेपणा आठवणीवरच लिहावा लागतो, आणि आकडा कित्येकदा नातच ठरवते.

नोंदी वाचताना हंगामही पाहावा लागतो. भंडारा-गोंदियात धानाच्या रोवणीत कंबर-गुडघे, वऱ्हाडात वेचणीच्या दिवसांत बोटे दुखतात. आलेखातला तो चढ आजाराचाच असेल असे नाही. चिकनगुन्यानंतरही सांधे कित्येक महिने धरतात. सिकलसेलचे दुखणेही याच भागात आढळते. आभाळ भरले की सांधे ठणकतात हा अनुभव मात्र थोतांड नव्हे. मँचेस्टर विद्यापीठाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २,६५८ जणांच्या मोबाईल-नोंदी तपासल्या. दमट हवा, कमी वायुदाब आणि जोराचा वारा यांच्याशी वेदनेचा संबंध दिसला, पण तो माफक होता.

औषधाची आठवण हा भाग साधा, तरी मोलाचा. मेथोट्रेक्सेट संधिवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात, जिवावर बेतते. म्हणून ठरलेला वार दाखवणारी घंटी उपयोगाची. यकृत व रक्ताच्या तपासण्या तरीही चुकवता येत नाहीत. गुडघ्याच्या झिजेत स्थिती सावकाश बदलते, तिथे रोजच्या नोंदीची फारशी गरज नाही.

एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि सोबत ताप असला, तर नोंद करत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.