वयात येतानाचं डीडीटी आणि पन्नाशीआधीची गाठ

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतली दुकानं गुलाबी होतात. दह्याचे डबे गुलाबी, धावायचे बूट गुलाबी, २०१० साली तर तळलेल्या कोंबडीच्या बादल्यासुद्धा गुलाबी झाल्या होत्या. हा स्तनाच्या कर्करोगाविषयी जागरूकतेचा महिना. १९८५ साली तो सुरू झाला एका औषध कंपनीच्या मदतीने, आणि तेव्हापासून त्याचा मुख्य संदेश एकच आहे : वेळच्या वेळी मॅमोग्राफी करून घ्या. सल्ला योग्य आहे, जरूर पाळावा. पण मॅमोग्राफीने कर्करोग टळत नाही, झालेला कर्करोग लवकर सापडतो. निदानालाच प्रतिबंध समजायची सवय आपल्याला इतकी लागली आहे की ‘मुळात होऊ नये म्हणून काय करता येईल?’ हा प्रश्न विचारायचंच राहून जातं.

तो विचारणारे लोक होते. गुलाबी फितीच्या आधी एक पीच रंगाची फीत होती. कॅलिफोर्नियातल्या शार्लट हेली या बाई नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती घरी बसून तयार करत आणि सोबत एक कार्ड वाटत. राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं वार्षिक अंदाजपत्रक १८० कोटी डॉलरचं आहे आणि त्यातले फक्त ५ टक्के प्रतिबंधावर खर्च होतात, असं त्या कार्डावर लिहिलेलं असे. एका मासिकाने आणि एका सौंदर्यप्रसाधन कंपनीने ती फीत मागितली. हे फार बाजारू होईल म्हणून हेलीबाईंनी नकार दिला. मग मासिकाने आणि कंपनीने रंग बदलला आणि फीत घेऊन टाकली. कार्डावरचा मजकूर मात्र घेतला नाही.

त्याच सुमारास, १९९२ साली, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अँड्रिया मार्टिन यांनी ‘ब्रेस्ट कॅन्सर फंड’ ही ना-नफा संस्था काढली. त्या स्वतः या आजारातून गेलेल्या होत्या. २०१७ पासून संस्थेचं नाव ‘ब्रेस्ट कॅन्सर प्रिव्हेन्शन पार्टनर्स’ आहे. प्लास्टिक, कीटकनाशकं, सौंदर्यप्रसाधनं, घर साफ करायची द्रावणं यांतल्या काही रसायनांचा या कर्करोगात वाटा आहे आणि तो कायद्याने कमी करता येईल, असं ही संस्था मांडते. आनुवंशिक जनुकदोषांमुळे होणारे स्तनाचे कर्करोग साधारण ५ ते १० टक्केच असतात. उरलेल्यांमध्ये वाढतं वय, मद्य, वजन, मूल उशिरा होणं, अशी बरीच कारणं आहेत. पण त्या सगळ्यांची बेरीज करूनही हिशेब पुरा होत नाही, हेही खरं.

आता एक अडचण. २००२ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तिथल्या स्त्रियांनीच आंदोलन करून अमेरिकी संसदेला तो अभ्यास करायला लावला होता. कर्करोग झालेल्या आणि न झालेल्या स्त्रियांच्या रक्तात डीडीटी या कीटकनाशकाचे अवशेष मोजले गेले. दोन्ही गटांत फरक निघाला नाही. पर्यावरणाचा मुद्दा निकालात निघाला, असं बऱ्याच जणांनी तेव्हा मानलं.

माझ्या मते इथूनच विषय खरा रंगतो, कारण लाँग आयलंडच्या शास्त्रज्ञांनी मोजमाप बरोबर केलं होतं, फक्त ते चुकीच्या वयात केलं होतं. हे समजायला स्तन कसा घडतो ते थोडं तपशिलात पाहावं लागेल.

हृदय, यकृत, मूत्रपिंड हे अवयव जन्माच्या वेळी जवळजवळ तयार असतात. स्तनाचं तसं नाही. नवजात मुलीच्या छातीत चरबीच्या गादीत रुतलेल्या चार-दोन फांद्यांच्या खुरट्या नलिका असतात, आणि दहाएक वर्षं त्या तशाच राहतात. मग अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाहू लागतं. नलिकांच्या टोकांना फुगीर कोंब येतात. शास्त्रज्ञ त्यांना टर्मिनल एंड बड म्हणतात. हे कोंब चरबीत वाट काढत पुढे सरकतात, दुभंगतात, पुन्हा सरकतात, आणि काही वर्षांत त्या खुरट्या नलिकांचं झाड होतं. कोंबातल्या पेशी शरीरातल्या सर्वात वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी असतात. पेशी विभागताना सगळा डीएनए नव्याने उतरवून काढला जातो, आणि विभाजनाचा वेग जितका जास्त तितका चूक दुरुस्त करायला मिळणारा वेळ कमी.

आणखी एक बारकावा आहे, आणि तो मला फार आवडतो. इस्ट्रोजेन पेशीला ‘विभाग’ म्हणून थेट सांगत असेल, असं वाटतं. निरोगी स्तनात तसं होत नाही. इस्ट्रोजेनचा ग्राही, म्हणजे त्याचा निरोप पकडणारं प्रथिन, ज्या पेशींत असतो त्या पेशी स्वतः सहसा विभागतच नाहीत. त्या अँफिरेग्युलिन नावाचं प्रथिन आपल्या पृष्ठभागावर मांडतात. एक विकर (एन्झाइम) ते कापून मोकळं करतं. मोकळं झालेलं अँफिरेग्युलिन नलिकेबाहेरच्या संयोजी ऊतीतल्या पेशींच्या ईजीएफ ग्राहीवर बसतं. त्या पेशी मग एफजीएफ गटातली वाढघटकं सोडतात, ती परत नलिकेकडे येतात आणि तिथल्या दुसऱ्याच पेशी विभागू लागतात. म्हणजे निरोप नलिकेबाहेर जाऊन परत येतो. यात हिशेब असा की इस्ट्रोजेन ऐकणारी पेशी वेगळी आणि वाढणारी पेशी वेगळी, त्यामुळे वाढीवर लगाम राहतो. इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या कर्करोगात हाच लगाम सुटतो. ऐकणारी पेशी स्वतःच विभागायला लागते. एवढं वाचून गोंधळ उडाला असेल तर इतकंच लक्षात ठेवा : वयात येताना या साखळीची घडी बसत असते, आणि त्या वेळी इस्ट्रोजेनची नक्कल करणारं काही रक्तात असेल तर ढवळाढवळ व्हायला वाव असतो.

पुढे पहिलं मूल पूर्ण दिवसांचं झालं की नलिकांच्या टोकांना दूध तयार करणाऱ्या ग्रंथी पूर्ण विकसित होतात आणि तिथल्या बऱ्याच पेशींचं काम ठरून जातं. त्या पूर्वीसारख्या चंचल राहत नाहीत. लवकर मूल झालेल्या स्त्रियांत पुढच्या आयुष्यात हा कर्करोग कमी आढळतो त्याचं हे एक कारण. ख्रिस्ती मठांतल्या अविवाहित जोगिणींमध्ये (नन) तो जास्त दिसतो, हे बर्नार्दिनो रामात्सिनी या इटालियन वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवलं होतं.

वयाचा हा खेळ उंदरांत स्पष्ट दिसतो. १९६१ साली चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की सुमारे ५० दिवसांच्या मादी उंदराला डीएमबीए या रसायनाचा एकच डोस दिला तरी जवळजवळ प्रत्येकीला स्तनाच्या गाठी होतात. ५० दिवस म्हणजे कोंब भरात असण्याचं वय. पिल्लं होऊन गेलेल्या मादीला तोच डोस दिला तर गाठी फारच कमी होतात. माणसांतला पुरावा हिरोशिमा आणि नागासाकीने दिला. बॉम्ब पडला तेव्हा ज्या मुली विशीच्या आत होत्या त्यांच्यात पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सर्वात जास्त वाढला, चाळिशी ओलांडलेल्यांत बराच कमी. आणि तो दिसला त्या मुली कर्करोगाच्या नेहमीच्या वयाला पोचल्यावर, म्हणजे कित्येक दशकांनी.

आता डीडीटीकडे परत येऊ. अमेरिकेत ते १९४५ पासून सर्रास वापरात आलं आणि १९७२ मध्ये त्यावर बंदी आली. लाँग आयलंडच्या अभ्यासात रक्त घेतलं ते नव्वदच्या दशकात, स्त्रिया मोठ्या झाल्यावर, बंदीला वीसेक वर्षं उलटल्यावर. त्या अकरा-बारा वर्षांच्या असताना रक्तात काय होतं, हे त्यावरून कसं कळणार?

जुनं रक्त मिळालं कॅलिफोर्नियात. ओकलंड परिसरात १९५९ ते १९६७ या काळात गरोदर स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला होता आणि त्यांचे रक्ताचे नमुने गोठवून ठेवले होते. बार्बरा कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बाहेर काढले आणि त्यांतल्या कोणाला पन्नाशीच्या आत कर्करोग झाला हे तपासलं. १९४५ साली ज्या १४ वर्षांच्या आत होत्या, त्यांच्यात रक्तात जास्त डीडीटी असलेल्यांना कमी असलेल्यांपेक्षा पाचपट धोका निघाला. ज्या तेव्हाच मोठ्या झालेल्या होत्या त्यांच्यात संबंधच दिसला नाही. म्हणजे लाँग आयलंडसारखंच! हे २००७ साली प्रसिद्ध झालं. २०१५ मध्ये याच गटाने पुढची पिढी तपासली. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात डीडीटीचा ओ,पी’ हा प्रकार सर्वात जास्त होता, त्यांच्या मुलींना पन्नाशीच्या आसपास जवळजवळ चौपट धोका होता. डीडीटीच्या प्रकारांमध्ये इस्ट्रोजेनची नक्कल जास्त करतो तो हाच प्रकार.

हे आकडे झेंड्यासारखे मिरवू नयेत. पहिल्या अभ्यासात रुग्ण होते १२९, आणि ‘पाचपट’ची संख्याशास्त्रीय मर्यादा १.७ पट ते १७ पट इतकी ऐसपैस आहे. पण उंदीर, अणुबॉम्ब आणि गोठवलेलं रक्त हे तीन वेगवेगळे साक्षीदार एकाच वयाकडे बोट दाखवतात, तेव्हा योगायोग म्हणणं अवघड जातं.

बाहेरून आलेलं संप्रेरक मोठ्या वयात निरुपद्रवी असतं, असा मात्र याचा अर्थ नाही. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र देणारी मोठी अमेरिकी चाचणी २००२ मध्ये थांबवावी लागली, कारण गोळ्या घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग सुमारे २६ टक्क्यांनी जास्त निघाला. लाखो स्त्रियांनी त्या गोळ्या सोडल्या आणि २००३ मध्ये देशातलं नव्या रुग्णांचं प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी घसरलं.

विषयाला फुटलेल्या भलत्या फांद्याही छाटायला हव्यात. घट्ट ब्रा घातल्याने कर्करोग होतो, याला आधार नाही. घाम थांबवणाऱ्या डिओडरंटमुळे विषारी द्रव्यं काखेत साठतात, हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. २००२ साली सिएटल परिसरात दीड हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास झाला, काही संबंध सापडला नाही. २००४ मध्ये गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन हे प्रसाधनं टिकवणारं रसायन सापडल्याची बातमी गाजली, पण निरोगी ऊती तुलनेला घेतल्याच नव्हत्या. आणि शरीर ‘शुद्ध’ करणारे रस विकणाऱ्यांना एकच विचारावं, चरबीत दशकानुदशकं मुरलेलं डीडीटी तुमच्या रसाने कोणत्या वाटेने बाहेर येतं?

अशा संस्थांच्या याद्याही नीट वाचायला हव्यात. मॅसॅच्युसेट्समधल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या संशोधन संस्थेने २००७ मध्ये प्राण्यांत स्तनाच्या गाठी करणाऱ्या २१६ रसायनांची यादी दिली. २०२४ मध्ये, निकष वाढवून, ती ९२१ वर गेली. ही संशयितांची यादी आहे. काहींवर आरोप फक्त इतकाच की ती प्रयोगशाळेत संप्रेरकांची निर्मिती वाढवतात. पत्रकांमध्ये हा फरक पुसला जातो आणि वाचक उगाच घाबरतो, किंवा कंटाळून सगळंच सोडून देतो.

तरीही कायदा आधी हवा, या त्यांच्या म्हणण्यात मला तथ्य वाटतं, आणि कारण पुन्हा वयाचंच. २०११ मध्ये ‘ब्रेस्ट कॅन्सर फंड’ आणि ‘सायलेंट स्प्रिंग’ या दोन संस्थांनी मिळून सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पाच कुटुंबांना तीन दिवस फक्त ताजं, प्लास्टिक आणि डबाबंद वेष्टनाला न लागलेलं अन्न दिलं. २० जणांच्या लघवीतलं बिस्फेनॉल ए (बीपीए), म्हणजे प्लास्टिकमध्ये आणि डब्यांच्या अस्तरात असणारं रसायन, सरासरी ६६ टक्क्यांनी उतरलं. म्हणजे ते येतं कुठून हे कळतं, आणि थांबवलं तर पटकन कमी होतं. पण सदैव असं जेवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो, आणि गर्भातल्या किंवा दहा वर्षांच्या मुलीने लेबल वाचून निवड करावी ही अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय अमेरिकेत १९७६ चा रसायन कायदा आला तेव्हा बाजारात असलेली सुमारे ६२,००० रसायनं न तपासता तशीच चालू राहिली. त्यात सुधारणा झाली ती थेट २०१६ मध्ये.

कॅलिफोर्नियात थोडं पुढे सरकलं आहे. साफसफाईच्या द्रावणांतले घटक जाहीर करायचा कायदा २०१७ मध्ये झाला, प्रसाधनांतून २४ घटक हटवायचा २०२० मध्ये. दोन्हींमागे अशा संस्थांचा रेटा होता. पळवाटाही लगेच सापडतात. बिस्फेनॉल ए काढून त्याच्या जागी बिस्फेनॉल एस घातलं की बाटलीवर ‘बीपीए-मुक्त’ छापता येतं. दोन्ही रेणूंची ठेवण जवळजवळ सारखी आहे, आणि एस प्रकारही इस्ट्रोजेनच्या ग्राहीवर बसतो.

पडताळणीचं काम चालू आहे. २००४ ते २००७ या काळात न्यूयॉर्क, सिनसिनाटी आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ६ ते ८ वर्षांच्या १,२०० हून जास्त मुली एका सरकारी अभ्यासात घेतल्या गेल्या आणि रुग्णांच्या संघटना त्यात सुरुवातीपासून सहभागी होत्या. या वेळी नमुने घेतले ते कोंब फुटायच्या आधी आणि फुटत असताना. पहिली गोष्ट २०१० मध्ये कळली : सातव्या वर्षीच स्तनांची वाढ सुरू झालेल्या मुली गोऱ्यांमध्ये सुमारे १० टक्के होत्या, कृष्णवर्णीयांमध्ये २३ टक्के. त्या मुली आता पंचविशी ओलांडून गेल्या आहेत. स्तनाच्या कर्करोगाचं नेहमीचं वय यायला त्यांना अजून दोन-तीन दशकं आहेत.