किल्ली कुठे ठेवलीत?

पुण्यात अप्पा बळवंत चौकातून सदाशिव पेठेकडे वळलं की अभ्यासिका, खानावळी आणि झेरॉक्सची दुकानं यांची रांग लागते. परीक्षेचे अर्ज भरायच्या दिवसांत या दुकानांतला व्यवहार ठरलेला. काउंटरवर व्हॉट्सअ‍ॅप नंबर चिकटवलेला असतो. मुलं त्यावर ई-आधारची पीडीएफ पाठवतात, खाली लगेच पासवर्डही टाइप करतात आणि प्रिंट घेऊन जातात. फाइल राहते दुकानाच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये.

या सगळ्यात गणित कुठेच कमी पडलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज २०१६पासून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एन्क्रिप्ट होऊन जातात, वाटेत कुणी पकडले तरी त्याला काही वाचता येत नाही. पण इथे दुसरं टोक म्हणजे दुकानातला संगणक. तिथे फाइल उतरली की ते कवच संपलं आणि उरला फक्त पीडीएफचा पासवर्ड. तो कसा बनतो हे आधारवाल्यांनीच जाहीर केलेलं आहे: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि पुढे जन्मसाल. नाव ठाऊक नसेल तर शक्यता होतात सुमारे ४ कोटी ५७ लाख, आणि संगणकाला हा आकडा किरकोळ आहे. नाव ठाऊक असेल तर फार तर शंभर. एमपीएससी करणाऱ्या मुलाचं जन्मसाल तर दहा-पंधरा प्रयत्नांत हातानंसुद्धा सापडेल. बँकेच्या एखाद्या स्टेटमेंटला नुसती जन्मतारीख हा पासवर्ड असेल, तर शंभर वर्षांच्या तारखा भरतात ३६,५२५.

कुलूप मात्र जबरदस्त असतं. आज बहुतेक ठिकाणी वापरली जाणारी एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत योआन डेमन आणि व्हिन्सेंट राइमेन या दोन बेल्जियन संशोधकांनी रचली, आणि अमेरिकेच्या मानक संस्थेनं २००१मध्ये ती प्रमाण ठरवली. तिची कृती उघड छापलेली आहे, कुणीही वाचावी. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशीच ती असावी, हे डच भाषाभ्यासक केरखॉफ्स यांनी १८८३मध्येच लिहून ठेवलं होतं. २५६ बिटांच्या, म्हणजे २५६ शून्य-एकांच्या, किल्लीच्या एकूण शक्यता लिहायला ७८ आकडे लागतात. असं कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवावी, तसा हा जन्मसालाचा पासवर्ड. म्हणून कुठलंही साधन निवडताना मी बिटांची जाहिरात वाचत बसत नाही. किल्ली कशापासून बनते आणि कुठे राहते, तेवढं पाहतो.

२५६ बिट कुणाला पाठ होत नाहीत, म्हणून पासवर्डपासून किल्ली घडवावी लागते. ही घडण मुद्दाम संथ आणि मेमरीखाऊ ठेवतात. त्यासाठी झालेल्या खुल्या स्पर्धेत २०१५मध्ये आर्गॉन२ ही पद्धत जिंकली. आपल्याला उघडताना सेकंदभर थांबावं लागतं, चोराला प्रत्येक अंदाजामागे तेवढा वेळ आणि तेवढी मेमरी खर्चावी लागते. तरी जन्मसालाचे शंभर अंदाज दोन मिनिटांत आटोपतील, म्हणजे पासवर्ड मुळात दमदार हवाच.

दमदार म्हणजे फाशांनी निवडलेला. अर्नोल्ड राइनहोल्ड यांच्या डाइसवेअर पद्धतीत पाच फासे टाकायचे आणि ७,७७६ शब्दांच्या यादीतून त्या दानाचा शब्द उचलायचा. असे सहा शब्द घेतले की शक्यतांची संख्या २४ आकडी होते. चिकाटी असेल तर यादी मराठी शब्दांचीही करता येईल, टाइप रोमन अक्षरांत करायची. मनानं शब्द निवडायचे नाहीत, ही अट मात्र मोडायची नाही. मनानं निवडायला बसलं की पुणेकराला सिंहगड, दगडूशेठ आणि मिसळच सुचणार, आणि चोरही पुण्यातलाच असतो.

हे सहा शब्द पाठ करायचे आणि बाकी सगळे पासवर्ड कीपासएक्ससीसारख्या पासवर्ड मॅनेजरवर सोपवायचे. तो फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे आणि सगळा ऐवज आपल्याच संगणकावरच्या एका एन्क्रिप्टेड फाइलीत राहतो. तिची प्रत पेन ड्राइव्हवर टाकली तरी हरकत नाही. कुणाला कागदपत्रं पाठवायची असतील तर फाइलींचं गाठोडं बांधणाऱ्या सेव्हन-झिप या प्रोग्रामच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये बांधावीत आणि पासवर्ड फोन करून सांगावा. फाइलींची नावंही एन्क्रिप्ट करण्याची खूण करायला विसरू नका, नाहीतर आतलं काही न उघडताच ‘घटस्फोट-मसुदा’ हे नाव दिसतं.

लॅपटॉपची अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करायला विंडोजमध्ये बिटलॉकर असतो, हल्लीच्या अनेक लॅपटॉपांत तो आपोआप चालूही असतो. मालकाला ते कळतं दुरुस्तीसाठी तापकीर गल्लीतल्या दुकानात गेल्यावर. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला, की जुन्या बोर्डावरच्या चिपमधली किल्ली त्याच्याबरोबर गेली. आता पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतात. बहुधा ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. तिथे नसेल आणि कागदावरही नसेल, तर कारागीर कितीही हुशार असो, डेटा गेला. दुरुस्तीला देण्याआधी ती लिहून घ्या.

किल्ली लिहून ठेवली तर चोरी, नाही ठेवली तर विसर. यावर इस्रायली संशोधक आदी शमीर यांनी १९७९मध्ये काढलेला तोडगा मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो. आलेखाचा कागद घ्या. गुपित समजा ७. उभ्या अक्षावर ७ला खूण करा आणि तिथून एक तिरकी रेघ ओढा, जी दर घराला ३नं चढते. पहिल्या घराशी ती १०वर असेल, दुसऱ्याशी १३वर, तिसऱ्याशी १६वर. १० बहिणीला द्या, १३ भावाला, १६ मित्राला, आणि प्रत्येकाला आपलं घर सांगा. कुठलेही दोघे भेटले की त्यांच्या दोन बिंदूंतून एकच रेघ जाते, ती मागे नेली की ७ सापडतो. एकट्या भावाच्या बिंदूतून मात्र अगणित रेघा जातात. खऱ्या साधनांत हा हिशेब मोठ्या मूळ संख्येनं भागून उरणाऱ्या बाकीत करतात, त्यामुळे एकट्याला अंदाजही बांधता येत नाही. तिघे लागावेत असं हवं तर रेघेऐवजी वक्र घ्यायचा. सर्व्हरची गुपितं सांभाळणारं हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट आपणहून किल्लीचे असेच पाच वाटे करतं आणि उघडायला त्यांतले तीन मागतं. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी ते हाताळलेलं असेल.

घरच्या तिघांपैकी एखाद्याचा कागद हरवला तर उरलेल्या दोघांकडून गुपित काढून घ्यायचं, वेगळ्या चढाची नवी रेघ आखायची, तिघांना नवे बिंदू द्यायचे आणि हाती असलेले दोन्ही जुने कागद फाडायचे. हरवलेला कागद मग कुणालाही सापडला तरी त्याच्या जोडीला दुसरा बिंदू नाही.