खडकवासल्याच्या भिंतीवरचा दाब आणि बल

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने प्रयुक्त होणारे बल, ही व्याख्या शाळेत पाठ होते. पण दाब आणि बल या दोन वेगळ्या राशी आहेत, हे मात्र मनात पक्के बसत नाही. सूचनाफलकावर ड्रॉइंग पिन टोचताना अंगठ्याने 20 न्यूटन बल लावले, तर टोकाशीही साधारण तेवढेच बल पोहोचते. पिनेचे डोके 1 चौरस सेंटिमीटरचे आणि टोक 0.1 चौरस मिलिमीटरचे असेल, तर टोकाखालचा दाब अंगठ्यावरच्या दाबाच्या हजारपट होतो. बल मात्र वाढलेले नसते.

उलट, दाब तोच राहूनही बल प्रचंड असू शकते. समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवरच्या पुण्यात हवेचा दाब अंदाजे 95,000 पास्कल असतो, म्हणजे वर्गातल्या 1 चौरस मीटरच्या टेबलावर हवा 95,000 न्यूटन बलाने, जवळपास साडेनऊ टनांच्या वजनाएवढ्या जोराने, खाली रेटत असते. टेबल मोडत नाही, कारण त्याच्या खालची हवाही जवळजवळ तेवढ्याच बलाने त्याला वर रेटते.

या दोन राशींमधला फरक मला सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो खडकवासल्याच्या दगडी धरणात. धरणामागचे पाणी मैलोन्‌मैल पसरलेले असले, तरी भिंतीवरचा पाण्याचा दाब त्या विस्तारावर नव्हे, तर फक्त खोलीवर ठरतो: दर मीटरला सुमारे 9,800 पास्कल. तेवढ्याच खोल आडातही तो तेवढाच असतो. आता भिंतीची 1 मीटर रुंद उभी पट्टी घेऊ. पाणी 10 मीटर खोल असेल, तर पट्टीवरचा सरासरी दाब 49,000 पास्कल, भिजलेले क्षेत्रफळ 10 चौरस मीटर आणि एकूण बल 4.9 लाख न्यूटन येते. खोली 20 मीटर झाली, की सरासरी दाब दुप्पट होतो आणि भिजलेले क्षेत्रफळही दुप्पट होते. त्यामुळे बल चौपट होऊन 19.6 लाख न्यूटनांवर जाते. एवढा रेटा स्वतःच्या वजनावर पेलायचा असल्यामुळेच अशा धरणाची भिंत माथ्याशी अरुंद आणि पायथ्याशी कितीतरी रुंद बांधतात.