बुगाटीच्या छपरावरची शिवण

बुगाटी एरोलिथ ही गाडी १९३५ साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात लोकांनी पाहिली. ती आखणारा झां बुगाटी तेव्हा २६ वर्षांचा होता. पुढे ती गाडी नाहीशी झाली ती कायमचीच. मागे राहिले थोडे कृष्णधवल फोटो. ते पाहताना नजर आधी जाते छपराच्या मधोमध उभ्या राहिलेल्या कडेवर. अंगाचे दोन अर्धे तिथे एकमेकांना भिडतात आणि ओळीनं मारलेल्या रिवेटनी, म्हणजे ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळ्यांनी, जोडलेले दिसतात. मडगार्डवरही तशीच शिवण. एवढ्या उंची गाडीत जोड लपवायचा असतो, इथे तो मिरवलाय.

याचं कारण धातूत सापडतं. या गाडीचा पत्रा इलेक्ट्रॉनचा होता, असं सांगितलं जातं. इलेक्ट्रॉन म्हणजे जर्मनीत तयार झालेला, मुख्यतः मॅग्नेशियमचा मिश्रधातू. मॅग्नेशियमच्या एका घन सेंटिमीटरचं वजन १.७४ ग्रॅम. ॲल्युमिनियमचं २.७ आणि पोलादाचं जवळपास ७.८. विमानं बांधणाऱ्यांना या हलकेपणाची तेव्हा भुरळ पडली होती.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या ‘गिल्ड ऑफ ऑटोमोटिव्ह रिस्टोरर्स’ या कार्यशाळेनं ही गाडी अलीकडे पुन्हा घडवली. बुगाटीच्या टाइप ५७ मालिकेची जुनी, अस्सल चासी घेतली आणि तिच्यावर सगळं अंग हातानं उभं केलं. मापं फोटोंवरून काढायची होती. चासी हाताशी असली की हे जमतं: दोन चाकांमधलं ठाऊक असलेलं अंतर धरून फोटोतल्या बाकीच्या रेषा मोजता येतात. पण खरी कसोटी पुढेच होती, कारण त्यांनी पत्रा मॅग्नेशियमचाच वापरायचं ठरवलं.

त्यात अवघड काय, हे समजून घ्यायला नाशिकमध्ये भांडी घडवणाऱ्या तांबटाचं काम पाहावं. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की तो ताठर होत जातो. आणखी ठोकला तर चिरतो. म्हणून तांबट मध्येच थांबून तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो, नरम करतो आणि पुन्हा ठोकायला घेतो. घागरीचा गळा एका तावात होत नसतो.

धातूतले अणू थरांत रचलेले असतात. हातोडा बसला की हे थर एकमेकांवरून सरकतात, दुकानात रचलेल्या ताटांच्या चवडीला धक्का लागावा तसे. मात्र सगळा थर एकदम सरकत नाही. रचनेत जिथे बारीक दोष असतो तिथून सरकण सुरू होते आणि तो दोष पुढे पुढे जातो. ठोकण्यानं असे दोष अफाट वाढतात, एकमेकांत अडकतात आणि पत्रा हटून बसतो. ताव दिला की अणूंना हलायला मोकळीक मिळते, जवळजवळ निर्दोष असे नवे स्फटिक तयार होतात आणि धातू पुन्हा ऐकू लागतो. तांबं, ॲल्युमिनियम आणि भांड्यांचं पितळ या तिन्हींत अणूंची रचना घनाकृती असते आणि थरांना सरकायला १२ वाटा मिळतात. एक वाट अडली तर दुसरी असते.

मॅग्नेशियमची रचना षटकोनी. थंड असताना त्याचे थर सहजपणे फक्त एकाच पातळीत सरकतात. त्या पातळीला न जुमानणारा बाक द्यायला गेलं की पत्रा सरळ तडकतो. साधारण २२५ अंश सेल्सिअसच्या वर इतर पातळ्या मोकळ्या होतात, म्हणून घडण गरम असतानाच करायची. इथे तांबटाची एक मोठी खूण निकामी ठरते. तांबं रंगावरून आपला ताव सांगतं, तर मॅग्नेशियम २५० अंशांनाही रुपेरीच दिसतं. शिवाय त्याच्या पातळ पत्र्यात उष्णता फार साठत नाही, तो भराभर निवतो. मडगार्डसारखा दुहेरी बाक अशा पत्र्यातून काढणाऱ्या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता जोड. तापलेलं मॅग्नेशियम ऑक्सिजनवर तुटून पडतं, त्यामुळे उघड्या हवेतलं वेल्डिंग धोक्याचं आणि बेभरवशाचं. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या शेडमध्ये आज ओळखीचं असलेलं टिग वेल्डिंग १९४१च्या सुमारास अमेरिकेत नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत रसेल मेरेडिथनं विकसित केलं, तेही मॅग्नेशियम जोडण्यासाठीच. त्यात निष्क्रिय वायूचं कवच हवेला दूर ठेवतं. १९३५ साली हे नव्हतं, म्हणून रिवेट. विमानांत रिवेट आजही आहेत, पण वेगळ्या कारणानं. विमानाच्या अंगाला लागणारे मजबूत ॲल्युमिनियम मिश्रधातू वेल्डिंगच्या उष्णतेनं आपली ताकद गमावतात.

एरोलिथनंतर बुगाटीनं त्याच घाटाच्या ४ अटलांटिक गाड्या केल्या, त्या ॲल्युमिनियमच्या. ॲल्युमिनियम वेल्ड करता येत होतं, तरी शिवण ठेवली. तिथे ती निव्वळ शोभा होती. एरोलिथ पुन्हा घडवताना ॲल्युमिनियम वापरलं असतं तर आकार हुबेहूब आला असता, पण त्यातला प्रत्येक रिवेट बिनकारणाचा ठरला असता. कॅनडातल्या कारागिरांनी अवघड वाट धरली ती योग्यच होती, असं मी ठामपणे म्हणेन.

या धातूचं भय अनाठायी नाही. १९५५च्या ल मान्स शर्यतीत प्रेक्षकांमध्ये घुसलेल्या मर्सिडीजचं अंग मॅग्नेशियमचं होतं. आगीवर पाणी मारलं तशी ती आणखी भडकली, कारण जळतं मॅग्नेशियम पाण्यातून हायड्रोजन मोकळा करतं. त्या अपघातात ८०हून अधिक लोक मेले.

आग नसली तरी पाणी शत्रूच. घरच्या गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीचं पोलाद वाचवते. गाडीत मात्र हाच गुण उलटतो. मॅग्नेशियमच्या पत्र्यात पोलादी रिवेट मारला आणि पावसाचं पाणी शिरलं, तर रिवेट शाबूत राहतो आणि भोवतालचा पत्रा खाल्ला जातो. म्हणून विमान उद्योगात मॅग्नेशियमचे पत्रे जोडायला ५०५६ क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे रिवेट घेतात. त्यांत सुमारे ५ टक्के मॅग्नेशियम असतं आणि झीज बरीच कमी होते.