ख्रिस्ती चित्रपटांचं मिशनसाठी डबिंग

येशूच्या आयुष्यावरचे किंवा बायबलमधल्या कथांवरचे पिक्चर लोकांच्या रोजच्या भाषेत डब करायचे आणि गावोगावी दाखवायचे, ही सुवार्ता म्हणजे येशूचा संदेश सांगायची एक पद्धत आहे आणि गेल्या चाळीसेक वर्षांत ती जगभर पसरलीय. वरवर बघितलं तर साऊथचा पिक्चर हिंदीत येतो तसंच हे काम, पण एका गोष्टीमुळे सगळं गणित उलटं होतं. धंदेवाईक डबिंगमध्ये ओठ जुळत नसतील तर डायलॉग बदलून टाकतात, कोणी विचारत नाही. इथे डायलॉग शास्त्रातलं वचन असतं, ते आपल्या सोयीने फिरवलं तर ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तेच लोक आधी बोट ठेवतील.

मूकपटाच्या काळात डबिंगची भानगडच नव्हती, पडद्याशेजारी कोणीतरी उभा राहून स्थानिक भाषेत गोष्ट सांगायचा की झालं. हॉलिवूडच्या सेसिल बी. डिमिलचा येशूवरचा मूकपट 'द किंग ऑफ किंग्ज' (१९२७) मिशनऱ्यांनी कितीतरी वर्षं फिरवला. आपल्याकडे मात्र येशूच्या पिक्चरने वेगळंच काम केलं: दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' बघितला, तो बघताना त्यांच्या डोळ्यासमोर राम-कृष्ण उभे राहिले आणि त्यातूनच पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. म्हणजे धर्मप्रसाराच्या हिशोबात काय जमा झालं ते राहू दे, भारतीय सिनेमा मात्र जमा झाला.

आज या विषयावर बोलायचं म्हणजे खरं तर एकाच पिक्चरबद्दल बोलायचं, 'जीझस' (१९७९). निर्माता जॉन हेमन, दिग्दर्शक पीटर साइक्स आणि जॉन क्रिश, येशूच्या भूमिकेत ब्रायन डीकन हा इंग्लिश नट, शूटिंग इस्रायलमध्ये. आणि मागे उभी होती बिल ब्राइट यांची कॅम्पस क्रुसेड फॉर ख्राइस्ट ही अमेरिकन संस्था. पटकथा जवळजवळ पूर्ण लूककृत शुभवर्तमानावर (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एक) बेतलेली, इकडचं तिकडचं फारसं काही घातलेलं नाही. अमेरिकेत थिएटरला लागला, पण त्याचं खरं आयुष्य नंतर सुरू झालं. १९८१ मध्ये फक्त भाषांतर आणि वाटपासाठी वेगळा प्रोजेक्ट उभा राहिला आणि आता हा पिक्चर २००० हून जास्त भाषांत आहे, सगळ्यात जास्त भाषांत गेलेला चित्रपट म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. मराठी आणि कोकणीतही तो आहे.

आता काम कसं चालतं ते बघू. त्या भाषेत नवा करार (बायबलचा येशूपासून पुढचा भाग) किंवा निदान लूकचं पुस्तक भाषांतरित असेल तर स्क्रिप्ट तिथून उचलतात, नसेल तर आधी तेवढा भाग करावा लागतो. मग खरी कसरत. पडद्यावर डीकन इंग्लिश बोलतोय, प, ब, म आला की त्याचे ओठ मिटतात, आणि ते क्लोजअपमध्ये स्पष्ट दिसतं. शिवाय इंग्लिशमध्ये क्रियापद मध्येच येऊन जातं आणि मराठीसारख्या भाषेत ते शेवटी, त्यामुळे तो जिथे श्वास घेतो तिथे आपलं वाक्य अर्धवट लटकलेलं असतं. 'मी तुम्हांला खचित सांगतो' एवढं बोलून होईपर्यंत त्याचं तोंड मिटलेलं असायचं. यावर उपाय म्हणजे पाठमोरा शॉट आला की जास्तीचे शब्द तिथे कोंबायचे, गर्दीच्या सीनमध्ये थोडं पुढेमागे चालवून घ्यायचं, आणि निवेदकाला तर ओठच नाहीत, त्यामुळे त्याच्या वाट्याला लांब वाक्यं द्यायची. तयार झालेलं स्क्रिप्ट परत इंग्लिशमध्ये उलटं भाषांतर करून तपासतात, आणि हे उलटं भाषांतर मूळ स्क्रिप्ट करणाऱ्या माणसाने करायचं नसतं, नाहीतर तो आपलीच चूक झाकणार.

आवाज देणारे बहुतेक वेळा कलाकार नसतातच. शेतकरी, शिक्षक, चर्चमधले लोक, कधी कधी वाचता न येणारेही, मग त्यांना एकेक तुकडा कानात सांगतात आणि ते तो म्हणून दाखवतात, जमेपर्यंत. मोठ्या शहरात स्टुडिओ मिळतो पण भाषा बोलणारे लोक डोंगरात असतात, म्हणून स्टुडिओच तिकडे न्यायचा: एखादी खोली बघायची, भिंतींना गाद्या-चादरी लावायच्या, आणि मग कोंबडा आरवला की थांबा, पत्र्यावर पाऊस आला की थांबा. संगीत आणि आवाजाचे इफेक्ट वेगळ्या ट्रॅकवर तयार असतात, त्यामुळे नवीन भरायचा तो फक्त बोलण्याचा ट्रॅक. कॉम्प्युटर आल्यावर रेकॉर्ड केलेलं वाक्य थोडं ताणता किंवा दाबता येऊ लागलं आणि रेकॉर्डिंग काही आठवड्यांत उरकायला लागलं, टेपच्या काळात ही चैन नव्हती. येशूचा आवाज कोणाचा घ्यायचा यावर सगळ्यात जास्त चर्चा होते, आणि तिथे नुसता आवाज चांगला असून भागत नाही, गावाने ओळखलेला माणूस कसा वागतो तेही बघितलं जातं.

भारतात दुसराही एक रस्ता निघाला आणि माझ्या मते तो जास्त हुशारीचा. ए. भीमसिंग यांचा तेलुगू 'करुणामयुडू' (१९७८), विजयचंदर येशूच्या भूमिकेत. हा इथल्याच लोकांनी बनवलेला, गाण्यांसकट, पौराणिक पिक्चर बघायची सवय असलेल्या प्रेक्षकाला ओळखीचा वाटेल असा. हिंदीत तो 'दयासागर' झाला, आणखी भारतीय भाषांतही गेला, आणि मिशनच्या टीम प्रोजेक्टर घेऊन तो खेडोपाडी दाखवत फिरल्या. पडद्यावर गोरा माणूस बघून 'हा परदेशी देव' म्हणायची सोय इथे राहिली नाही. फक्त गाणी डब करणं म्हणजे ती चालीत नव्याने लिहिणं, तो वेगळा ताप.

दाखवायची साधनं बदलत गेली: १६ मिमी प्रोजेक्टर आणि जनरेटर, मग व्हीसीआर, डीव्हीडी, सोलरवर चालणारं पाठीवरचं किट आणि आता सरळ मोबाइल ॲप. पिक्चरही एकटा राहिला नाही, मुलांसाठी वेगळी आवृत्ती आली, बायकांना समोर ठेवून 'मॅग्डलीना' (२००७) आला. लूमो नावाच्या प्रोजेक्टने चारही शुभवर्तमानं चित्रित केली पण त्यात वचन निवेदकच वाचतो, म्हणजे ओठांची कटकटच संपली, आणि छोट्या भाषांना ते फार परवडतं. उलट 'द चोझन' ही येशूवरची मालिका, तिच्यातले बरेच संवाद लेखकांनी स्वतः रचलेले, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला मोकळीक आहे, पण थट्टामस्करी दुसऱ्या भाषेत नेणं हेही काही सोपं नसतं. डब आणि सबटायटल मिळून ६०० भाषा असं त्यांचं टार्गेट आहे.

टीकाही कमी नाही. किती लोकांनी बघितला आणि किती जणांनी 'निर्णय घेतला', म्हणजे येशूवर विश्वास ठेवायचं ठरवलं, याचे संस्थांचे आकडे प्रचंड असतात, पण मैदानात हात वर करणाऱ्या गर्दीतून श्रद्धा कशी मोजणार, हा प्रश्न खुद्द मिशनच्या अभ्यासकांनीच विचारलाय. भारतात धर्मस्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये आहे, त्यात प्रचाराचाही हक्क येतो, पण ओडिशा (१९६७) आणि मध्य प्रदेश (१९६८) पासून काही राज्यांनी धर्मांतरावर कायदे केलेत, त्यामुळे उघड्यावर पिक्चर दाखवणं हा नाजूक मामला असतो.

एआयने आवाज आणि ओठ दोन्ही जुळवायचं तंत्र आता आलंय, आणि मोठ्या भाषांत ते नक्की चालेल. पण ज्या भाषांसाठी हे डबिंग मुळात सुरू झालं, त्यांतल्या पुष्कळ भाषांत मशीनला शिकवायला पुरेसा लेखी मजकूरच नाही, तिथे अजून तरी गाद्या लावलेली खोली आणि कानात वाक्य सांगणारा माणूसच लागतो.